मालक : कोणीच नाही

दुरुस्ती करणारी माणसं दोन प्रकारची. मोडलेलं जोडून देणारा एक, आणि मोडू नये म्हणून बसून राहणारा दुसरा. पहिल्याला चहा मिळतो. दुसऱ्याला 'तुम्ही नेमकं करता काय?' असा प्रश्न मिळतो, आणि तोही बहुतेक सासरकडून. मी जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागात तलाव सांभाळत निवृत्त झालो, तेव्हा या प्रश्नाशी माझी जुनी ओळख आहे. उन्हाळ्यात तलावाच्या पाळीला पडलेलं भगदाड मुरूम टाकून बुजवलं, तर पावसाळ्यात काहीच होत नाही. काहीच न झाल्याचा फोटो पेपरात येत नसतो. पाळ फुटली की मात्र सगळे येतात, आणि ती बांधून देणाऱ्या ठेकेदाराला शाल-नारळ मिळतं.

आता घरात याच प्रकारचा दुसरा माणूस निपजला आहे. आमचा भाचा. भंडाऱ्यात खात रोडला राहतो, वरच्या खोलीत बसतो, आणि लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नेलमधला, 'नेटवर्क फाइल सिस्टिम'चा, थोडक्यात एनएफएसचा, कोड सांभाळायला हातभार लावतो. शेजारचे काका विचारतात, "पोरगा का करते जी?" माझी बहीण सांगते, "कम्प्युटरमध्ये आहे." विषय संपतो. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत लागलेला माणूस आपलं काम बाहेर सांगत नाही, तरी गावाला ते बरोबर कळतं. ह्याच्या कोडची ओळ न् ओळ जगाला वाचायला खुली आहे, आणि खात रोडवर कोणाला पत्ता नाही.

एनएफएसचं काम सांगायला सोपं. फाइल असते एका यंत्रावर, दिसते दुसऱ्यावर, आणि दुसऱ्यावर बसलेल्याला वाटतं की ती आपल्याच डिस्कवर आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं १९८४ साली हे बांधलं. १९८५ साली रसेल सँडबर्ग आणि त्याच्या सोबत्यांनी त्यावर निबंध लिहिला. तेव्हापासून विद्यापीठांत, प्रयोगशाळांत, चिपचे आराखडे करणाऱ्या कंपन्यांत आणि अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओंत ते चालूच आहे. मी हे ऐकून म्हटलं, "म्हणजे मामा तलाव."

बाहेरगावच्या वाचकांसाठी : मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून वैनगंगेच्या खोऱ्यात बांधलेले तलाव पुढे मालगुजारांकडे आले, म्हणून हे नाव. तलाव गावाच्या वरच्या अंगाला, धानाच्या बांध्या खाली, मध्ये तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, निघालेला पाट. खालच्या शेतकऱ्याला पाणी आपल्याच बांधीतलं वाटतं. कोणाला किती पाणी, कोणत्या वाटेनं, मासे कोणाचे, गुरं कुठे पाजायची, हे सगळं वाजिब-उल-अर्ज नावाच्या दप्तरात लिहिलेलं असायचं. सर्व्हरवरही, म्हणजे फाइली ठेवणाऱ्या यंत्रावरही, 'एक्स्पोर्ट्स' नावाची एक फाइल असते, तिच्यात कोणत्या यंत्राला काय द्यायचं आणि नुसतं वाचू द्यायचं की लिहूही द्यायचं, ते नोंदवतात.

भाचा म्हणाला, "तसंच समजा मामाजी. तुमचे तलाव काही शतकांचे, आमचा चाळीस वर्षांचा. पण गाळ सारखाच."

या गाळाची मौज ऐकण्यासारखी आहे. एनएफएसच्या जुन्या आवृत्त्यांत, दुसरीत आणि तिसरीत, सर्व्हर काहीही लक्षात ठेवत नाही. कोणी कोणती फाइल उघडली, कोण कुठपर्यंत वाचून थांबला, याची त्याच्याकडे नोंद नाही. प्रत्येक विनंतीनं आपली सगळी कुंडली सोबत घेऊन यायचं. यात हुशारी आहे. सर्व्हर पडला आणि पुन्हा उठला, तर त्याला काही आठवावं लागत नाही, कारण विसरायला मुळात काही नव्हतंच. आमच्या विभागात बदलून आलेला प्रत्येक नवा साहेब याच तत्त्वावर चालायचा, पण ते तत्त्व अमेरिकेत निबंध लिहिण्याच्या लायकीचं आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

पण विसराळूपणाची किंमत कोणाला तरी भरावी लागते. लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्समध्ये जुना रिवाज असा, की उघडी असलेली फाइल पुसता येते. नाव जातं, पण उघडून बसलेल्याचं काम होईपर्यंत मजकूर राहतो. आता सर्व्हरला तर फाइल कोणी उघडली आहे हेच ठाऊक नाही. त्याला 'पूस' म्हटलं की तो पुसून मोकळा होणार. म्हणून इकडचं यंत्र एक युक्ती करतं. फाइल पुसत नाही, तिचं नाव बदलून टिंब, एनएफएस आणि पुढे लांबलचक आकडा असं काहीतरी ठेवतं, आणि काम संपलं की गुपचूप पुसतं. या प्रकाराला कर्नेलच्या कोडमध्येच 'सिली रिनेम' म्हणतात. वेडगळ नामांतर! चेष्टेत नाही, फंक्शनचं नावच ते आहे. काम संपायच्या आत यंत्र बंद पडलं तर ती आकड्यांची फाइल सर्व्हरवर तशीच राहते, आणि मग वर्षा-दोन वर्षांनी कोणीतरी भाच्याला विचारतं, की ह्या कोणाच्या? आपल्या सरकारी कोठारांतली कितीतरी कपाटं मला या शब्दानं एकदम समजली.

सगळ्यात माझ्या आवडीचं म्हणजे सर्व्हर गप्प झाल्यावर कर्नेल जो निरोप लिहितं तो. 'सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहेत.' एवढंच. मग तासानं, दिवसानं, कधी आठवड्यानं पुढची ओळ येते : 'सर्व्हर ओके.' मधल्या काळात काय काय सोसलं, त्याबद्दल चकार शब्द नाही. आपल्याकडे सातबाऱ्यासाठी उभ्या माणसाला खिडकीतून 'सर्व्हर डाऊन' हे शब्द ऐकू येतात, तेव्हा त्या आवाजात केवढी शांती असते! अर्धी सुट्टी मंजूर झाल्याची. कर्नेलला ही सोय नाही. ते 'उद्या या' म्हणत नाही, कारण ते स्वतःही घरी जात नाही.

यातली मेख अशी, की ज्या प्रोग्रामला ती फाइल हवी होती तो दारातच उभा राहतो. त्याच्या नावापुढे इंग्रजी 'डी' अक्षर लागतं. तो चालत नाही, हाकेनं उठत नाही, आणि मरतही नाही. युनिक्समध्ये न ऐकणाऱ्या प्रोग्रामला ठार करायचा शेवटचा उपाय म्हणजे 'किल मायनस नाइन'. तोही ह्याच्यावर चालत नसे. बरीच वर्षं यावर एकच औषध होतं, अख्खं यंत्र बंद करून चालू करणं. शेवटी २००८ साली, २.६.२५ या कर्नेलमध्ये, मॅथ्यू विल्कॉक्स या गृहस्थानं अशा अडकलेल्यांना निदान मरता यावं अशी सोय केली. मुक्ती मिळाली म्हणायची.

त्याआधी मधल्या मध्ये थांबवता यावं म्हणून सेटिंगमध्ये 'इन्टर' असा एक शब्द लिहायची पद्धत होती. २००८ नंतर तो शब्द निकामी झाला. काढून टाकला का? नाही. लोकांच्या यंत्रांत तो जागोजागी लिहिलेला आहे. काढला तर जुनी यंत्रं सुरू होताना 'हा शब्द कळला नाही' म्हणून अडून बसतील. म्हणून कर्नेल तो शब्द आजही आदरानं स्वीकारतं, मान डोलावतं, आणि काहीही करत नाही. हे ऐकल्यावर आमच्या आवक नोंदवहीकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली. अर्ज घेणं, शिक्का मारणं आणि स्वस्थ बसणं ही टाळाटाळ नव्हती, ती सुसंगती होती.

मी विचारलं, "इतकं कशाला थांबायचं? दोन-चार हाका मारून सोडून द्यावं."

तर तशीही सोय आहे, भाचा म्हणाला, 'सॉफ्ट' नावाची. काही वेळा विचारून कर्नेल हात टेकतं आणि प्रोग्रामला सांगतं, की लिहिणं जमलं नाही. पण पुष्कळ प्रोग्राम ते ऐकूनच घेत नाहीत. लिहिलं गेलं असं समजून पुढे जातात. मग अर्धी फाइल इकडे, अर्धी हवेत. त्यापेक्षा ताटकळणं बरं. लेस्ली लॅम्पोर्ट नावाच्या थोर संगणकशास्त्रज्ञानं १९८७ सालीच असं काहीसं म्हणून ठेवलं आहे, की जो संगणक अस्तित्वात आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं तो बंद पडून तुमचा संगणक निकामी होतो, तेव्हा समजावं की आपण अनेक यंत्रांच्या जाळ्यात आहोत. वरच्या गावानं तुडुम बंद केलं की खालच्या गावाला आपण कोणत्या तलावाखाली येतो ते समजतं, तोच प्रकार.

आता मालकीचं. आपल्या यंत्रावर जो 'रूट' असतो तो सर्वाधिकारी. त्याला कोणी अडवू शकत नाही. पण एनएफएसवरून तोच रूट दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेला, की नेहमीच्या रिवाजानं त्याचा 'नोबडी' होतो. कोणीच नाही! त्याला आकडाही दिलेला आहे, ६५५३४. (मूळ आकडा उणे दोन, सोळा बिटांत तो बसवला की असा फुगतो.) स्वतःच्या गावात छाती काढून फिरणारा पाटील शेजारच्या गावच्या पाळीवर पाय ठेवताच साधा वाटसरू होतो, हे शहाणपण कर्नेललाही सुचलं याचं मला बरं वाटलं. पुढे चौथ्या आवृत्तीत आकड्यांऐवजी नावं आली. नाव आणि त्यापुढे डोमेन, म्हणजे घराणं. दोन्हीकडचं घराणं जुळलं नाही, की सगळ्याच फाइलींसमोर मालक म्हणून 'नोबडी' दिसायला लागतो. मग घाबरीघुबरी तक्रार येते : माझ्या फाइली कोणाच्याच नाहीत! भाचा शांतपणे एक ओळ दुरुस्त करायला सांगतो. आमच्याकडे मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला संपली आणि तलावांसमोरचा मालक असाच एका दिवसात बदलला. ती ओळ दुरुस्त करायचं काम अजून कोणाच्या टेबलावर आहे, ते मला नोकरीभर सापडलं नाही.

'स्टेल फाइल हँडल' हा त्यातलाच एक जुना रोग. सर्व्हर प्रत्येक फाइलसाठी एक खूण देतो. पुढचा व्यवहार त्या खुणेवर. फाइल सर्व्हरवरून गेली की हातातली खूण शिळी होते. खूण खरी, आकडा खरा, फक्त ती ज्याची होती ते तिथं नाही. १ मे १९९९ ला भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा निघाला. कोलू पाटील कोहळी यांनी बांधला म्हणतात तो नवेगाव बांधचा अवाढव्य तलाव पलीकडे गेला. तलाव इंचभर हलला नाही, पण 'जिल्हा भंडारा' लिहिलेली पाकिटं आमच्याकडे येत राहिली. आम्ही निदान लाल शाईनं 'गोंदियाकडे' लिहून पुढे धाडायचो. सर्व्हर तेवढंही करत नाही.

चौथ्या आवृत्तीत सर्व्हरला स्मरणशक्ती दिली. २००० साली तिचा पहिला मसुदा निघाला, २००३ मध्ये सुधारून दुसरा. आता कोणी कुठे कुलूप लावलं आहे हे तो लक्षात ठेवतो, आणि लक्षात ठेवणाऱ्याच्या मागे जे लागतं ते सगळं त्याच्यामागे लागलं. तो पडून उठला, की नव्वद सेकंदांची सवलतीची मुदत असते. तेवढ्यात ज्यांची कुलपं आधी होती त्यांनी येऊन 'हे माझं' म्हणायचं, नव्यांनी थांबायचं. नव्वद सेकंदांत जुने हक्क निकाली! मी हे ऐकून क्षणभर गप्प बसलो. एका पाटाच्या वाटणीची आमच्याकडची फाइल आजोबांच्या नावानं उघडली होती आणि सुनावणीला नातू यायचा.

या कामात मराठी नावं नाहीत असं समजू नका. सर्व्हर पडलाच तर काय, या प्रश्नावर अनुपम भिडे यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर आयबीएममध्ये काम केलं, आणि १९९१ साली युसेनिक्स या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या परिषदेत 'हायली अव्हेलेबल' एनएफएस सर्व्हरवरचा निबंध सादर झाला. कल्पना अशी, की दोन सर्व्हर, डिस्क दोघांनाही जोडलेल्या; एक पडला की दुसरा त्याच्या डिस्क घेतो आणि त्याचा पत्ताही आपल्या अंगावर घेतो. पलीकडच्याला कळतच नाही की आपण दुसऱ्याशी बोलतो आहोत. सहकाऱ्याच्या नावानं हजेरी लावण्याचा प्रकार आम्हाला परिचयाचा होता. त्याच्या वाटणीचं कामही करायचं, ही भर मात्र भिड्यांची. पुढे १९९८ मध्ये त्यांनी कॅलसॉफ्ट काढली, आणि पुण्यात बसून साठवणुकीच्या सॉफ्टवेअरवर राबणाऱ्यांची एक पिढी अशा कंपन्यांतून तयार झाली.

एनएफएसचा चुलतभाऊ म्हणजे विंडोजवाल्यांशी बोलणारा 'सिफ्स'. लिनक्समधल्या त्याच्या कागदपत्रांत लेखकांची आणि मदत करणाऱ्यांची एक यादी आहे, आणि तिच्यात शिरीष पारगावकर हे नाव आहे. पुढे कंसात, अनेक वर्षं परवानग्यांच्या यादीवर पाठवलेल्या अनेक दुरुस्त्यांबद्दल, अशा अर्थाचा शेरा. 'अनेक वर्षं' आणि 'अनेक'. मी तो शेरा दोनदा वाचला. आमच्या निरोप समारंभाच्या मानपत्रात यापेक्षा खूप शब्द असतात, पण वर्षांचा हिशेब इतका सरळ कुठे नसतो.

भाच्याचा दिवस मात्र लिहिण्यात कमी आणि नको म्हणण्यात जास्त जातो. जगातून कोणीही दुरुस्ती, म्हणजे 'पॅच', सुचवू शकतो. सुचवणाऱ्यानं खाली सही करायची, की हे माझं आहे आणि द्यायचा मला अधिकार आहे; ही सहीची पद्धत २००४ पासूनची. मग दुसरे तपासतात. एका ओळीच्या दुरुस्तीला दोन परिच्छेदांचं स्पष्टीकरण लागतं, कारण दहा वर्षांनी कोणीतरी ती ओळ बघून म्हणणार, की हा येडेपणा कोणी केला? आणि तेव्हा उत्तर देणारा माणूस हाच असणार, किंवा नसणार. नऊ-दहा आठवड्यांनी नवं कर्नेल निघतं, त्यातले पहिले दोन आठवडे नवा माल आत घ्यायचे, बाकीचे तो निस्तरायचे. त्या दोन आठवड्यांत घरात कोणाचं लग्न काढू नये असं बहिणीनं परस्पर ठरवून टाकलं आहे. पंचांगात ती सोय नाही, पण आता भटजींनाही सवय झाली.

नको म्हणायचं मोठं कारण म्हणजे लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांचा दंडक : ज्याच्यावर लोकांचे प्रोग्राम चालतात ते मोडायचं नाही. चूक असली तरी. चुकीवरही कोणीतरी संसार उभा केलेला असतो. हे मला समजवावं लागलं नाही. तलावात गाळ साचला, की उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर त्या कसदार बुडात लोक पीक घेतात. गाळपेर म्हणतात. तलाव भरत नाही हा आमच्या लेखी दोष; गाळपेर करणाऱ्याच्या लेखी तोच तलावाचा मुख्य उपयोग. आम्ही गाळ काढला, पाळ उंच केली, तलाव काठोकाठ भरला, आणि पहिला अर्ज आला तो नुकसानभरपाईचा. भाचा हसत हसत म्हणाला, "मामाजी, ह्याला आम्ही रिग्रेशन म्हणतो. पॅच मागे घ्यावा लागला असता."

परवा त्यानं मला कर्नेलमधली 'मेंटेनर्स' नावाची फाइल दाखवली. कोणता भाग कोण सांभाळतो याची यादी. एनएफएसच्या क्लायंटपुढे, म्हणजे फाइल मागणाऱ्या बाजूपुढे, ट्राँड मिकलेबस्ट आणि अ‍ॅना शूमेकर, सर्व्हरपुढे चक लिव्हर आणि जेफ लेटन अशी नावं. प्रत्येक भागाची स्थितीही लिहिलेली : 'सपोर्टेड', म्हणजे सांभाळायचा पगार मिळतो, 'मेंटेन्ड', म्हणजे कोणीतरी खरोखर बघतो, 'ऑड फिक्सेस', म्हणजे जमलं तर बघतो, 'ऑर्फन', अनाथ, आणि 'ऑब्सलीट'. शिवाय एक छोटा प्रोग्राम आहे, त्याला फाइलीचं नाव दिलं की दुरुस्ती कोणाकडे पाठवायची ते तो सांगतो. सरकारी नोकरीत मला हा प्रोग्राम मिळाला असता तर माझे केस एवढे गेले नसते.

म्हटलं, माझ्या एका तलावाची नोंद अशी कर. तो लगेच बसला. सांभाळणारा कोण? शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारा तलाव, म्हणजे जिल्हा परिषद. मासे ढिवरांच्या सोसायटीकडे. बुडातली जमीन महसूलकडे. पाळीवरची झाडं? तिथं आम्ही थांबलो. आणि पाण्यात माजलेली बेशरम? ती कोणाच्याच नावावर नाही. त्यानं ६५५३४ टाकला. स्थितीच्या रकान्यात मी 'मेंटेन्ड' सांगितलं. त्यानं विचारलं, "शेवटची दुरुस्ती कधीची?" मी म्हटलं, "माझ्या निवृत्तीच्या आधीची." त्यानं 'ऑड फिक्सेस' लिहिलं. मी म्हटलं, अनाथ लिहिण्यापेक्षा बरं.

मग एक ओळ उरली, 'आर'. म्हणजे रिव्ह्यूअर. काही बदल करायचा झाला की त्याची प्रत याला पाठवायची आणि याचं मत ऐकून घ्यायचं. बदल घ्यायचा की नाही ते दुसरा ठरवतो. पगार नाही, अधिकार नाही. तिथं त्यानं मला न विचारता माझं नाव टाकलं. प्रत मात्र जिल्हा परिषदेकडून अजून आलेली नाही.